गुप्तधन शोधायला पायाळू नको, खिळे ओळखता यायला हवेत

आमच्या गावाकडे जमिनीतलं धन शोधायचं तर पायाळू माणूस लागतो असं मानायचे. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, त्याच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला म्हणे जमिनीखालचे हंडे दिसतात. आमच्या आळीत असे एक काका होते, त्यांना आयुष्यभर स्वतःच्या सायकलची किल्ली कधी वेळेवर सापडली नाही, ते सोडा. सांगायचं हे की इथे अमेरिकेत कनेक्टिकटला आल्यावर कळलं की हेच वेड इकडेही आहे, फक्त अंजनाच्या जागी मेटल डिटेक्टर आहे आणि हंड्याच्या जागी अडीचशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फाटक्या खिशातून पडलेला एखादा पैसा.

शेजारचे आजोबा रिटायर झाल्यापासून हेच करतात. एका रविवारी त्यांच्यासोबत गेलो, त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या मालकीचं जंगल होतं, परवानगी घेतलेली. चार तासांत मला काय मिळालं, तर अकरा खिळे, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं तीन, आणि एक चपटं बटण. आजोबा त्या बटणावर एवढे खूश झाले की मला वाटलं माझी थट्टा करतायत. पण नंतर घरी येताना गाडीत त्यांनी जे समजावलं आणि मग मी जे वाचत बसलो, त्यातून हा लेख. हा छंद वरून दिसतो मशीनचा, पण खरं म्हणजे तो घराचा अभ्यास आहे. घर कुठे होतं, दार कुठे होतं, माणसं कुठून चालायची, कुठे वाकायची, हे कळलं तर स्वस्तातलं मशीनही चालतं. ते नाही कळलं तर दीड हजार डॉलरचं मशीन घेऊन तुम्ही फक्त जंगलात फिरायला गेलात.

पहिला प्रश्न, जंगलात घर कुठून आलं? न्यू इंग्लंड म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड वगैरे सहा राज्यं, इथे इंग्रज वसाहतवाले १६२० पासून पुढे येऊन राहिले. राहिले म्हणजे मोकळ्या जागेत नाही हां, वाम्पानोआग, नॅरागॅनसेट, पीकॉट अशा लोकांची ही जमीन होती आणि १६७५-७६ च्या युद्धात दोन्ही बाजूंची गावंच्या गावं जळाली. पुढे दीडशे वर्षं वसाहतवाल्यांनी झाडं तोडून शेतं केली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेकडच्या भागातलं निम्म्याहून जास्त जंगल साफ झालेलं. पण जमीन कशी, तर दगडांची. नांगर घातला की दगड, दर हिवाळ्यात जमीन गोठली की खालचे दगड पुन्हा वर. ते दगड उचलून कडेला रचले, त्याच त्या जंगलातल्या दगडी भिंती, एका जुन्या अंदाजाप्रमाणे सगळ्या मिळून २,४०,००० मैल. मग १८२५ ला इरी कालवा सुरू झाला, ओहायोकडची सपाट काळी जमीन हाताशी आली, इकडे कापडगिरण्या निघाल्या, आणि लोकांनी ही दगडाची शेतं टाकून दिली. आपल्याकडे कोकणातली घरं मुंबईच्या गिरण्यांनी बंद पाडली तसंच काहीसं. लाकडी घर कुजून गेलं, जंगल परत आलं, उरला फक्त तळघराचा दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा. त्याला इकडे सेलर होल म्हणतात. डिटेक्टरवाल्यांची पंढरी म्हणजे हे खड्डे.

खड्डा सापडायचा कसा? पूर्वी पायपीट. आता दोन गोष्टींनी काम सोपं झालंय. एक म्हणजे जुने नकाशे, १८५० च्या आसपास इथे काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे, मोठे भिंतीवर लावायचे नकाशे छापायचे आणि त्यात एकेका घरावर ठिपका देऊन मालकाचं नाव लिहायचे. आज जिथे नुसतं जंगल आहे तिथे नकाशात ठिपका आणि नाव असेल तर झालं काम. दुसरं लायडार. विमानातून जमिनीवर लेझरचे ठोके मारतात, त्यातले बरेच पानांवरून परततात पण काही फटीतून जमिनीपर्यंत पोचतात, कॉम्प्युटरवर पानांवरचे सगळे पुसून टाकले की उघडी जमीन दिसते, जशी एखाद्याच्या डोक्यावरचा टोप काढावा. त्यात भिंती, जुने रस्ते, खड्डे, सगळं रेषांमध्ये दिसतं. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याच पद्धतीने हरवलेली शेतं, भिंती, रस्ते शोधून दाखवले आणि ही लायडारची चित्रं फुकट बघायला मिळतात, घरबसल्या.

आणि तिसरी खूण मला सगळ्यात आवडली, फुलं. घनदाट जंगलात मधेच लायलॅकचं झुडूप किंवा डे लिलीचा ताटवा दिसला तर थांबायचं. ते तिथे आपोआप येत नाही, कुणीतरी दारात लावलेलं असतं. घर गेलं, माणसं गेली, झुडूप दर मे महिन्यात फुलतंय. आपल्याकडे ओसाड वाडीत तुळशीवृंदावन दिसावं ना, अगदी तसं.

आता मशीन. याची सुरुवात एका फजितीपासून सांगतात. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, गोळी शरीरात कुठे अडकलीय ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल एक यंत्र घेऊन आले, धातूजवळ नेलं की कानातल्या रिसीव्हरमध्ये आवाज यावा असं. यंत्र चांगलं होतं पण गोळी सापडली नाही, एक कारण असं सांगतात की राष्ट्राध्यक्षांच्या गादीत स्टीलच्या स्प्रिंगा होत्या. आणि डॉक्टरांनी बेलना शोधू दिलं तेही एकाच बाजूला. सप्टेंबरमध्ये गारफील्ड वारले. पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर नावाच्या इंजिनीयरने विमानांच्या रेडिओ यंत्रावर काम करताना लक्षात आलेल्या गडबडीतून हातात धरायचा डिटेक्टर बनवला, १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला हेच तत्त्व कामाला आलं.

काम कसं करतं ते सांगतो, भौतिकशास्त्र बारावीत सोडलेल्यांनाही कळेल असं. दांड्याच्या टोकाला जे ताटासारखं असतं त्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून उलटसुलट वीज सोडतात, नेहमीच्या मशीनमध्ये सेकंदाला साधारण ३,००० ते ३०,००० वेळा दिशा बदलणारी. त्यामुळे खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, तेही तसंच उलटसुलट. त्यात नाणं आलं की नाण्याच्या पृष्ठभागावर विजेचे छोटे छोटे भोवरे फिरायला लागतात आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं एक बारीकसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं फक्त तेवढंच ऐकत बसलेलं असतं. म्हणजे वरून हाक मारायची आणि खालून कुणी ओ देतंय का ऐकायचं.

पण ओ कुणाची, हे कसं कळणार? इथे खरी गंमत आहे. देवघरातल्या घंटेला टिचकी मारा, नाद रेंगाळतो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला मारा, ठक्क आणि संपलं. डिटेक्टरमध्ये आवाजाचा काही संबंध नाही पण प्रकार तोच. चांदी, तांबं यांच्यातून वीज सहज वाहते, म्हणून त्यांच्यातले भोवरे लवकर मरत नाहीत, उत्तर उशिरा येतं. कथील, शिसं, अॅल्युमिनियमचा पातळ कागद यांचं त्याआधी. हा उशीर सेकंदाच्या लाखाव्या हिश्शातला असतो, तो मोजून मशीन स्क्रीनवर आकडा दाखवतं, बहुतेक मशीनमध्ये ० ते ९९. चांदी वर, तांब्याची मोठी नाणी वर, बंदुकीची शिशाची गोळी मधे कुठेतरी, लोखंड तळाला. लोखंडाचं गणित वेगळं कारण ते चुंबकाला ओढलं जातं, म्हणून त्याची ओ वेगळ्याच दिशेची येते. फक्त मोठं चपटं गंजलेलं लोखंड असेल, कुऱ्हाडीचं पातं किंवा बैलाची नाल, तर मशीन फसतं आणि चांदी चांदी म्हणून ओरडतं. आजोबा म्हणतात कुऱ्हाडीने आजवर जेवढा पोपट केलाय तेवढा कुणीच केला नाही.

आणि सोनं? सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची जुनी कडी, दोघांचा आकडा जवळपास सारखाच येतो. म्हणून ज्याला सोनं हवंय त्याला हजार कड्या उकराव्या लागतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ती कडी १९६० च्या दशकातली, जंगलातल्या सेलर होलमध्ये ती कमी, बागांमध्ये आणि बीचवर जास्त.

जमीन स्वतःही गप्प बसत नाही. मातीत लोखंडाची खनिजं असली की तीही ओ देते, म्हणून आधी ताट वरखाली करून मशीनला सांगावं लागतं की बाबा ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या मातीत हा त्रास भरपूर, कारण त्या दगडातच मॅग्नेटाइट आहे. नाण्यासाठी खोली किती म्हणाल तर वीतभर, जास्तीत जास्त दीड वीत. जाहिरातीत काहीही लिहू देत. व्हॉट्सअॅपवर फिरतात ना ते तीस फुटांवरचं सोनं दाखवणारे अँटेनावाले, ते पायाळू काकाच समजा, बॅटरी घातलेले.

आता खिळे. शीर्षकात खिळे का, तर जुन्या घराच्या जागी सगळ्यात जास्त तेच असतात. लाकडी घर पडलं किंवा जळलं की लाकूड जातं, खिळे तिथेच. शेकड्यांनी. नवखा माणूस मशीनला सांगतो लोखंड ऐकवूच नको, आणि शांतपणे फिरतो. तोटा असा की नाण्याच्या शेजारी खिळा असेल तर मशीन खिळ्यामुळे गप्प बसतं आणि नाणंही जातं. म्हणून जाणकार लोक लोखंडाचा गुरगुराट मुद्दाम ऐकत राहतात, लहान ताट वापरतात, आणि अगदी हळू, झाडू मारल्यासारखं एकावर एक पट्टा घेत जातात, त्या गुरगुराटात मधेच एक बारीक किणकिण आली की तिथेच उलटसुलट दिशांनी पुन्हा ऐकतात.

शिवाय खिळा काळ सांगतो. लोहाराने हाताने ठोकून केलेला खिळा, चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोड्याचे चार पाच घाव, हा साधारण १८०० च्या आधीचा. १७९० च्या दशकापासून पत्र्यातून मशीनने कापलेले खिळे आले, त्यांच्या दोनच बाजू निमुळत्या. आणि आपण आज वापरतो तो तारेचा गोल खिळा १८९० च्या सुमारास सगळीकडे झाला. जुनी गंजकी वस्तू हातात आली की आम्ही ती फेकून देतो, आजोबा ती बोटांवर फिरवतात आणि म्हणतात, चला, घर अमेरिकन क्रांतीच्या आधीचं दिसतंय. त्या दिवशी माझ्या अकरामधले नऊ हाताने ठोकलेले निघाले. ते कळल्यावर पुढचे दोन तास मला पाठ दुखतेय हेही आठवलं नाही.

मग नाणी. इथे जरा रेंगाळतो कारण हा सगळ्यात भारी भाग आहे. तुम्हाला वाटेल इंग्रजांची वसाहत तर इंग्लंडची नाणी सापडत असतील. सापडतात, जॉर्ज दुसरा, जॉर्ज तिसरा यांचे तांब्याचे अर्धे पेनी, त्यातले कित्येक त्याच काळातले नकली. पण चांदी म्हणाल तर ती बहुतेक स्पेनची. कारण इंग्लंडने वसाहतींना फारशी नाणी पुरवलीच नाहीत, उलट इथून माल तिकडे, तिकडून माल इकडे, आणि हिशोबात वसाहतवाले नेहमी देणेकरी, त्यामुळे जी काही चांदी हातात येई ती जहाजात बसून लंडनला परत. हिशोबाच्या वहीत पाउंड, शिलिंग, पेन्स, आणि हातात मात्र काहीच नाही. सुरुवातीला काही काळ तर इथल्या मूळ लोकांचे शिंपल्याचे मणी, वॅम्पम, मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर चलन होते. आपल्याकडे कवड्या चालायच्या तसे.

वेस्ट इंडीजशी व्यापार करून जे यायचं ते स्पॅनिश रिआल. मेक्सिको आणि आत्ताच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी, आठ रिआलचं मोठं नाणं साधारण २७ ग्रॅमचं. सुटे नाहीत म्हणून लोक ते छिन्नीने कापायचे, पिझ्झासारखे आठ तुकडे. एक तुकडा म्हणजे एक बिट. अमेरिकेत जुनी माणसं अजून पंचवीस सेंटला टू बिट्स म्हणतात, आपण पंचवीस पैशाला चार आणे म्हणायचो ना, तंतोतंत तेच. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव आठव्या हिश्शात सांगायचे ते १९९७ पर्यंत, त्याचंही मूळ इथेच आहे असं मानतात. आणि ही परदेशी नाणी अमेरिकेत कायद्याने चालायची ती थेट १८५७ पर्यंत, देश स्वतंत्र होऊन ऐंशी वर्षं झाली तरी. म्हणून सेलर होलमध्ये स्पॅनिश अर्धा रिआल सापडला तर तो समुद्री चाच्याचा वगैरे नसतो, बहुतेक वेळा कुणीतरी अंडी विकून आणलेला असतो.

मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी मात्र एकदा धाडस केलं. १६५२ मध्ये बॉस्टनला स्वतःची टांकसाळ काढली, जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोघांनी चालवली. नाण्यावर झाड, आधी विलो, मग ओक, मग पाइन. इंग्लंडच्या शिलिंगपेक्षा चांदी मुद्दाम कमी ठेवली, पाव हिश्शाला थोडी कमी एवढी कमी, म्हणजे ती लंडनला न्यायला परवडू नये आणि गावातच राहावी. आणि गंमत बघा, टांकसाळ चालली साधारण तीस वर्षं पण ओकचं दोन पेनीचं नाणं सोडलं तर जवळजवळ सगळ्या नाण्यांवर साल एकच, १६५२. कारण १६४९ ला इंग्लंडने राजाचं डोकं उडवलेलं, १६५२ ला राजा नव्हताच, आणि नाणी पाडायचा हक्क राजाचा. नंतर राजा परत आला आणि विचारलं तर सांगता यावं की आम्ही कधी पाडली, तुम्ही नव्हता तेव्हाच, असं याचं कारण सांगितलं जातं. असलं डोकं बघून मला आपले जुन्या तारखेचे स्टॅम्प पेपर आठवले. पाइन ट्री शिलिंग ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी डिटेक्टरवाला गुडघ्यावर बसून नाचतो.

स्वातंत्र्यानंतर तर काही राज्यांनी आपापले तांब्याचे पैसे काढले, कनेक्टिकटचे १७८५ ते १७८८, न्यू जर्सीचे घोड्याचं तोंड आणि खाली नांगर असलेले. १७८७ चा फ्युजिओ सेंट आहे त्यावर सूर्याचं घड्याळ आणि खाली लिहिलंय माइंड युअर बिझनेस, म्हणजे आपल्या कामाकडे बघा. मग १७९३ पासून १८५७ पर्यंत अमेरिकेचे मोठे तांब्याचे सेंट, आपल्या जुन्या ढब्बू पैशासारखे, आणि जंगलात सगळ्यात जास्त सापडतात ते हेच. पण न्यू इंग्लंडची माती आंबट, पाइनच्या सुया कुजलेली, तांबं खाऊन टाकते, बऱ्याचदा हातात येते ती हिरवी खरबरीत चकती, ज्यावर कुणाचा चेहरा होता हे उन्हात तिरकी धरून बघावं लागतं. विकायला गेलात तर अशा चकतीचे फार काही येत नाहीत, पेट्रोलचे पैसे सुटले तरी खूप. श्रीमंत व्हायला या छंदात येऊ नये, त्यापेक्षा पायाळू काका बरे.

बटणाचं राहिलंच. चपटी बटणं नाण्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडतात कारण अंगरख्यावर बटणं डझनावारी आणि खिशात पैसा एखादा. माझ्या बटणाच्या मागे गिल्ट असं उमटलेलं होतं, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. मुलामा कधीच उडालाय. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७८९ च्या शपथविधीच्या वेळी लाँग लिव्ह द प्रेसिडेंट लिहिलेली बटणं निघाली होती, तसलं सापडलं तर मग पाइन ट्रीवालाच नाच. बाकी बुटाच्या बकल, अंगुस्ताने, चमचे, बैलाच्या गळ्यातली घुंगरं. आणि कधी कधी पितळी पातेल्याचे कापलेले त्रिकोणी तुकडे, इथल्या मूळ लोकांनी युरोपियनांकडून घेतलेली पातेली कापून त्यांची बाणाची टोकं केली.

आता ती गोष्ट जी ऐकून मी खुर्चीतून उठलो. २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या मिडलटाउनमध्ये एका फळबागेत जिम बेली नावाच्या माणसाला डिटेक्टरने एक काळपट चांदीचं नाणं सापडलं, आकाराने डाइमएवढं, म्हणजे इकडच्या दहा सेंटच्या नाण्याएवढं. त्याला आधी वाटलं स्पॅनिश असेल किंवा मॅसॅच्युसेट्सचं. साफ झाल्यावर बघतो तर अरबी अक्षरं. अभ्यासाअंती ते १६९३ मध्ये येमेनला पाडलेलं निघालं. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या जमिनीत येमेनचा पैसा काय करतोय? त्या काळात इथल्या लोकांचा तिकडे सरळ व्यापार नव्हता. बेलीचं म्हणणं असं की हे हेन्री एव्हरीच्या चाच्यांनी आणलं. आणि एव्हरी कोण, तर १६९५ मध्ये औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज लुटणारा. हजचे यात्रेकरू घेऊन मक्केकडून सुरतेला परत येणारं ते जहाज, सोन्याचांदीने भरलेलं, एव्हरीने लुटलं आणि माणसांचे फार हाल केले. आता जरा आपला इतिहास लावून बघा, त्याच साली औरंगजेब भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ, तळ ठोकून बसला होता मराठ्यांशी लढत, राजाराम महाराज जिंजीला, संताजी-धनाजी त्याच्या फौजांना पळवतायत, आणि वर ही बातमी. सुरतेतल्या इंग्रजांना कैद केलं, इंग्लंडला एव्हरीवर बक्षीस लावावं लागलं. एव्हरी बहामाजपर्यंत दिसतो, मग गायब. बेलीच्या म्हणण्याप्रमाणे त्याची काही माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि लुटीतला पैसा हळूहळू इथल्या बाजारात मिसळला.

एकच नाणं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण २०२१ मध्ये ही बातमी जगभर आली तोवर त्या काळातली अशी अरबी नाणी अजून पंधरा निघाली होती, दहा मॅसॅच्युसेट्समध्ये, तीन ऱ्होड आयलंडला, दोन आमच्या कनेक्टिकटमध्ये, शिवाय एक खाली नॉर्थ कॅरोलिनात. सगळ्यांना हा निष्कर्ष पटलाय असं नाही, पण नाणी तर आहेत. आणि ती कुठे, कुठल्या काळच्या घराजवळ सापडली हे लिहून ठेवलं म्हणून हा धागा जुळला. तेच नाणं कुणी उकरून खिशात घालून ऑनलाइन विकलं असतं तर ते येमेनचं एक जुनं नाणं, एवढंच.

हा जागेचा मुद्दा पुराणवस्तूवाले लोक जीव तोडून सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई, जिथे अमेरिकी सैन्यातल्या कस्टरची तुकडी इथल्या मूळ लोकांच्या हातून मारली गेली, त्या माळरानावर १९८३ ला वणवा लागला, गवत जळालं. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि सहकाऱ्यांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना रांगेत चालवलं, जिथे बीप तिथे झेंडा, आणि एकेक गोळी, एकेक काडतूस कुठे होतं ते नकाशावर मांडलं. काडतुसावरच्या खुणा जुळवून एकच बंदूक एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी गेली हे दिसलं, म्हणजे माणूस कुठून कुठे पळाला हे दिसलं. डिटेक्टर तोच. फक्त उकरण्याआधी लिहून घेतलं.

बरं, उकरायचं कसं. जंगलात पानं बाजूला, गवतात मात्र तीन बाजूंनी कापून झाकणासारखी पापडी उलटायची, माती फडक्यावर काढायची, गाजराएवढा एक छोटा डिटेक्टर असतो तो खड्ड्यात फिरवून नेमकी जागा बघायची, आणि झाल्यावर सगळं परत भरून पायाने दाबायचं, मालकाला कळताही कामा नये. नाणं खाली जातं कसं, तर बरंचसं गांडुळांमुळे, ती खालची माती वर आणून टाकतात आणि वस्तू हळूहळू बुडते, डार्विनने १८८१ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर पूर्वी बर्फाची चादर होती तिथे जवळजवळ गांडुळं नव्हतीच, ती आली युरोपियन लोकांच्या झाडांच्या मुळांच्या मातीतून. म्हणजे ज्यांनी पैसे हरवले त्यांनीच ते पुरायची सोय पण बरोबर आणली.

सापडलेलं नाणं घासू नका. पितांबरी नाही, चिंच नाही, टूथपेस्ट तर नाहीच, अंगठ्याने पुसणंसुद्धा नको कारण मातीत वाळू असते आणि एका पुसण्यात चेहरा जातो. डिस्टिल्ड पाण्यात ठेवून द्यायचं आणि संयम. आणि गोचीड. इकडच्या जंगलातली गोचीड लाइम रोग देते, रोगाचं नावच मुळी कनेक्टिकटच्या लाइम गावावरून पडलंय, तेव्हा पायजमा मोज्यात खोचा, कितीही बावळट दिसलात तरी.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी, जमलं तर लेखी. नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर वापरायला उघडून ठेवला तरी गुन्हा. सरकारी आणि मूळ लोकांच्या राखीव जमिनीवर शंभर वर्षांहून जुनं काही उकरलं तर १९७९ चा कायदा आहे, दंड आणि कैद दोन्ही. स्टेट फॉरेस्टचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, आधी विचारायचं. कबर दिसली की मशीन बंद, कुणाचीही असो.

आणि इथवर वाचून कुणी सुट्टीत भारतात जाताना सूटकेसमध्ये डिटेक्टर टाकायच्या विचारात असेल तर थांबा. आपल्याकडे किल्ले, गढ्या, जुनी टेकाडं यांतली कितीतरी संरक्षित आहेत, तिथे उकरणं म्हणजे सरळ गुन्हा, आणि कुठे कुठे लोकांनी गुप्तधनाच्या नादाने देवळांची जोती खणून काढली ती अजून तशीच विद्रूप पडलीयेत. स्वतःच्या शेतात नांगरताना शिवराई लागली तरी १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर शिक्षा. दहा रुपये हा आकडा १८७८ चा आहे, अजून बदललेला नाही. तेव्हा दहा रुपयांत काय काय यायचं, आज वडापावही येत नाही.

माझं बटण खिडकीत ठेवलंय, एका छोट्या डबीत, सोबत चिठ्ठी, कुठल्या खड्ड्याच्या कुठल्या बाजूला, किती बोटं खोल, कुठली तारीख. चिठ्ठी आजोबांनी माझ्याकडून तिथेच जंगलात बसून लिहून घेतली, मला वाटलेलं घरी जाऊन लिहीन. ते म्हणाले, घरी जाऊन तू विसरशील. पुढचा रविवार ठरलाय, खड्ड्याच्या पूर्वेला, लायलॅकच्या झुडपाकडून, कारण दार तिकडे असणार.